पाटण एक, स्पेलिंगे अनेक : पाच इंग्रजी अक्षरांत हरवलेले गाव

१.
शब्दकोड्यांचा एक प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. काही इंग्रजी अक्षरे दिलेली असतात आणि ती सर्व ज्यांत येतात असे शब्द शोधून काढायचे असतात. आज आपण पाच अक्षरे घेऊ : पी, ए, टी, ए, एन. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे : सातारा जिल्ह्यातील पाटण. तरीही कोडे सुटलेले नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांच्या हजारो पानांतून हे एवढे एक गाव नेमके कसे हुडकायचे, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. ज्यांना आपल्या गावाचा इतिहास शोधायचा आहे, त्या प्रत्येकाला हे कोडे कधी ना कधी सोडवावेच लागते.

२.
प्रथम गावाची ओळख. पाटण कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. कोयना येथून पूर्वेकडे वाहत जाऊन कराड येथे कृष्णेस मिळते. पश्चिमेकडे गेल्यास हेळवाक, पुढे कुंभार्ली घाट आणि घाटाखाली चिपळूण. जवळच दातेगड, तर मोरगिरीपाशी गुणवंतगड. पुणे किंवा सातारा यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ सापडतात. पाटणसारख्या गावाचा इतिहास मात्र विखुरलेला असतो. कुठे अहवालातील एक ओळ, कुठे महसुलाच्या तक्त्यातील एक रकाना, कुठे नकाशावरील एक ठिपका.

३.
म्हणून येथे शोधाची पद्धत महत्त्वाची ठरते. चूक दोन प्रकारे होऊ शकते. गाव कागदात असते, पण आपण दिलेल्या स्पेलिंगने ते सापडत नाही. मग ‘आमच्या गावाची नोंदच नाही’ असा समज होतो. किंवा स्पेलिंग तंतोतंत जुळते, पण गाव दुसरेच असते. मग भलत्याच गावचा इतिहास आपण अभिमानाने आपल्या नावावर लावतो. पहिल्या चुकीने गावाचा इतिहास हरवतो, दुसरीने तो खोटा होतो.

४.
अडचणीचे मूळ लिपीत आहे. मराठीत ‘त’ आणि ‘ट’, तसेच ‘न’ आणि ‘ण’ ही निरनिराळी व्यंजने आहेत. साध्या रोमन लेखनात पहिल्या जोडीसाठी टी आणि दुसरीसाठी एन एवढेच हाती राहते. ‘अ’ आणि ‘आ’ या दोहोंसाठी बहुधा एकच ए. म्हणजे पी-ए-टी-ए-एन या पाच अक्षरांतील चार जागा प्रत्येकी दोन प्रकारे वाचता येतात. दोन गुणिले दोन, गुणिले दोन, गुणिले दोन : एकूण सोळा वाचने! ‘पाटण’ हे त्यांपैकी एक, ‘पतन’ हेही त्यांपैकी एक. नगर आणि नाश यांचे स्पेलिंग एकच होऊन बसते.

५.
उलट दिशेने पाहिले तर गुंता आणखी वाढतो. एकाच मराठी नावाची इंग्रजी स्पेलिंगे काळागणिक बदलत गेली. सोयीसाठी तीन टप्पे मानू. पहिला टप्पा सतराव्या शतकातील वखारींचा. सुरत, राजापूर येथील इंग्रज व्यापारी कानावर पडेल तसे लिहीत. त्यांच्या पत्रांत शिवाजी महाराजांचे नाव एस-ई-व्ही-ए-जी-ई-ई असे आढळते. या काळात नियम शोधण्यात फारसा अर्थ नाही. एकाच नावाची अनेक रूपे गृहीत धरूनच वाचावे लागते.

६.
दुसरा टप्पा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्तानी शिकवणारे जॉन गिलख्रिस्ट यांच्या लेखनपद्धतीचा प्रभाव या काळात मोठा होता. इंग्रज वाचकाला उच्चार सहज करता यावा, हा तिचा हेतू. तीत ‘अ’साठी यू, ‘आ’साठी ए, ‘ई’साठी दोन ई आणि ‘ऊ’साठी दोन ओ योजत. पुण्याचे ‘पूना’ हे स्पेलिंग दोन ओ घेऊन आले, ते याच वळणाचे.

७.
साताऱ्याच्या दृष्टीने हा काळ कळीचा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य साताऱ्यास कायम केले. तेथे कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ आला. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात साताऱ्याच्या स्पेलिंगमध्ये दोन टी आहेत आणि शिवाजी, बाजी या नावांच्या शेवटी दोन ई आहेत. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, तोवरच्या कागदांत अशाच वळणाची नावे अपेक्षावीत. या पद्धतीने ‘पाटण’ लिहायचे तर दुसऱ्या ए ऐवजी यू येईल : पी-ए-टी-यू-एन. ‘पट्टण’ लिहायचे तर पी-यू-टी-टी-यू-एन. जो केवळ आजच्या स्पेलिंगने शोध घेईल, त्याच्या हाती यांतले काहीच लागणार नाही.

८.
तिसरा टप्पा प्रमाणीकरणाचा. सर विल्यम जोन्स यांनी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात पौर्वात्य शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत, यावर निबंध लिहिला होता. ‘अ’साठी साधा ए आणि ‘आ’साठी वर रेघ दिलेला ए, ही त्यांची दिशा. तिच्याच आधारे विल्यम विल्सन हंटर यांनी १८७१ मध्ये भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका तयार केली आणि १८७०च्या दशकात सरकारने ही पद्धत स्वीकारली. यू आणि दोन ई यांचा जमाना ओसरू लागला. तरी ‘पूना’सारखी रूढ झालेली स्पेलिंगे तशीच ठेवण्यात आली, हेही ध्यानात असावे.

९.
याच नव्या पद्धतीत जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर निघाले. त्याचा एकोणिसावा खंड साताऱ्याचा. तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटण तालुक्याविषयी इंग्रजीत काही शोधू पाहणाऱ्याने आरंभ येथूनच करावा. येथे पाटणच्या पहिल्या ए वर तिरकी रेघ आहे आणि दुसरा ए साधा आहे. म्हणजे ‘पा’ दीर्घ आणि ‘ट’ ऱ्हस्व, ही माहिती पुन्हा हाती आली. ‘ट’ की ‘त’, ‘ण’ की ‘न’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

१०.
पण या रेघेनेच आपल्या काळात नवे संकट उभे केले आहे. गॅझेटिअरची पाने स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेतली जातात, तेव्हा रेघ असलेला ए यंत्राला ओळखू येत नाही. तो कधी डी म्हणून वाचला जातो, कधी आय, तर कधी चक्क पौंडाचे चिन्ह म्हणून. छापील पानावर ‘सातारा’ स्वच्छ दिसतो. पानामागच्या, शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या मजकुरात मात्र दुसऱ्या-चौथ्या अक्षरांच्या जागी भलतेच काही असते. म्हणून पी-डी-टी-ए-एन आणि पी-आय-टी-ए-एन हीसुद्धा शोधून पाहावीत. दिसायला ही निरर्थक आहेत. पण आपले गाव त्यांच्या आड दडलेले असू शकते.

११.
आता कोड्याच्या मूळ रूपाकडे येऊ. पाचही अक्षरे ज्यांत येतात, मग क्रम कोणताही असो, असे इंग्रजी शब्द मागितले तर काय हाती लागते? ‘प्लँटेशन’, ‘स्पार्टन’ आणि ‘कॅप्टन’! सी-ए-पी-टी-ए-आय-एन यात आपली पाचही अक्षरे आहेत, दोन्ही ए धरून. कंपनी सरकारच्या कागदांत कॅप्टनांची काय वाण? खुद्द ग्रँट डफच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही लेखकाचा हुद्दा कॅप्टन असाच आहे. तात्पर्य, नुसती अक्षरे जुळणे पुरेसे नाही. क्रमही जुळला पाहिजे.

१२.
क्रम बदलला की काय घडते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे पाटणा. पी-ए-टी-ए-एन ही अक्षरे एकूण साठ प्रकारे मांडता येतात. त्यांतील शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल करा : पी-ए-टी-एन-ए. बिहारचे पाटणा झाले! पण येथे घाईने निष्कर्ष काढू नका. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात कीलहॉर्न यांनी संपादित केलेला एक प्रसिद्ध शिलालेख आहे. त्याच्या शीर्षकात स्थळाचे नाव ‘पाटणा’ असेच छापले आहे. तो लेख बिहारचा नाही. आपल्या महाराष्ट्रातला आहे.

१३.
हे स्थळ म्हणजे खानदेशात चाळीसगावजवळील पाटणे, पाटणादेवीचा परिसर. यादव राजा सिंघण याच्या काळातील हा लेख शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०६-०७च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि त्यास दाने मिळाली, ही माहिती यातून कळते. लेख संस्कृतात असून त्याच्या शेवटच्या भागात जुनी मराठी आहे. तो अभ्यासकांच्या नजरेस आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. केवळ पाच अक्षरांवर विसंबणाऱ्याने हा ठेवा बिहारच्या खात्यावर टाकला असता.

१४.
अक्षरे सलग आणि त्याच क्रमाने आली, तरी निश्चिंत होता येत नाही. शोधयंत्राला ‘पाटण’ विचारा, ते ‘पतंजली’ काढून देईल. इंग्रजीत त्यांची पहिली पाच अक्षरे तीच आहेत. ते ‘पाटणकर’ काढून देईल, आणि झालरापाटणही. कारण संस्कृत ‘पत्तन’ किंवा ‘पट्टन’ म्हणजे नगर, बाजारपेठ. हा शब्द देशभर ग्रामनामांत विखुरला आहे. दक्षिणेत तो ‘पट्टणम्’ झाला आणि इंग्रजांच्या लेखणीतून त्याच्या शेवटी एम आला : सेरिंगापटम, मसुलीपटम, विझागापटम. आजचे विशाखापट्टणम इंग्रजीत लिहून पाहा, त्याच्या पोटात पाटण्याची पाचही अक्षरे सलग दिसतील.

१५.
शोधयंत्रांत खूणचिन्हांची सोय असेल तर तिचा उपयोग करावा. अनेक ठिकाणी प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारका म्हणजे कितीही अक्षरे, असा संकेत असतो. तारका मोहात पाडते. पी-तारका-टी-तारका-एन असे विचारले तर ‘पिटिशन’ म्हणजे अर्ज, ‘पार्टिशन’ म्हणजे वाटणी, ‘पोझिशन’, ‘पोर्शन’ असा लोंढा येतो. आणि सरकारी दप्तरांत अर्ज-वाटण्यांना तोटा नसतो! त्यापेक्षा प्रश्नचिन्ह बरे. पी-प्रश्नचिन्ह-टी-प्रश्नचिन्ह-एन या एका मागणीत ए, यू, आय ही सर्व स्वररूपे येतात. दोन टी घालून तोच शोध पुन्हा घ्यावा. या दोन मागण्यांत बहुतेक काम होते.

१६.
आता खरी कसोटी. स्पेलिंग तंतोतंत जुळले आहे, मजकुरात मराठे आहेत, अठरावे शतक आहे. मग हे आपलेच पाटण का? इंग्रजी ग्रंथांत ‘पाटणची लढाई’ ठळकपणे येते. ही लढाई २० जून १७९० रोजी झाली. महादजी शिंद्यांच्या फौजेने, द बॉइन्यच्या कवायती पलटणींच्या बळावर, इस्माईल बेग आणि त्याला मिळालेल्या जयपूर-जोधपूरच्या सैन्याचा मोड केला. मराठ्यांच्या उत्तरेतील मोठ्या विजयांपैकी हा एक. पण हे पाटण राजस्थानातील, जयपूरच्या उत्तरेकडील तंवरावाटीचे. कोयनाकाठाशी त्याचा संबंध नाही. विजय मराठ्यांचा आहे म्हणून तो आपल्या तालुक्याचा होत नाही.

१७.
‘मराठे’ हा शब्द चाळणी म्हणून का चालत नाही, याचे आणखी एक उदाहरण. गुजरातचे अणहिलवाड पाटण, सोळंकी राजांची राजधानी, पुढे गायकवाडांच्या बडोदे राज्यात होते. त्यामुळे तेथील कारभाराच्या कागदांतही मराठी नावे, मराठी हुद्दे आणि मोडी लिपी आढळते. स्पेलिंग तेच, राज्यकर्ते मराठे, कागदही मराठी. तरी गाव वेगळे. याखेरीज नेपाळच्या खोऱ्यातील पाटण आहे, सौराष्ट्रात सोमनाथचे प्रभासपाटण आहे, चंबळेकाठचे केशवराय पाटण आहे, पंजाबात बाबा फरीद यांचे पाकपट्टन आहे.

१८.
आणि कधी कधी ते गावच नसते! जुन्या युरोपीय लेखनात ‘पठाण’ हा शब्द एच वगळून लिहिलेला आढळतो. बर्नियरच्या प्रवासवर्णनाच्या इंग्रजी अनुवादांत पठाणांचे अनेकवचन म्हणजे आपल्या पाच अक्षरांपुढे एक एस. रॉबर्ट ऑर्मच्या इतिहासात तेच लोक पी-आय-टी-ए-एन असे येतात. वर दहाव्या भागात आपण यंत्राच्या चुकीमुळे झालेले हेच रूप पाहिले होते. म्हणजे एका ठिकाणी ते मूळ लेखकाचे स्पेलिंग, तर दुसऱ्या ठिकाणी रेघ न ओळखल्याने झालेला घोटाळा. दोन्ही ठिकाणी मूळ पानाचे चित्र उघडून पाहण्याला पर्याय नाही.

१९.
मग खात्री करायची कशी? माणसाची ओळख शेजाऱ्यांवरून पटते, गावाचीही तशीच पटते. ज्या पानावर पाच अक्षरे सापडली, त्याच पानावर आणि मागच्या-पुढच्या पानांवर शेजारची नावे शोधा : कोयना, केरा, कराड, हेळवाक, कुंभार्ली, दातेगड, मोरगिरी, चिपळूण. यांतील दोन-तीन नावे एकत्र आली तर बहुधा आपलेच पाटण. जयपूर, जोधपूर, इस्माईल बेग आले तर तंवरावाटी. सरस्वती नदी, सिद्धपूर आले तर गुजरात. पितळखोरे, चाळीसगाव आले तर खानदेश.

२०.
शेजाऱ्यांच्या नावांनाही स्पेलिंगचे तेच नियम लागू आहेत, हे विसरू नये. ‘चिपळूण’मध्ये दोन ओ असू शकतात. ‘कोयना’मध्ये वाय ऐवजी आय येऊ शकतो. ‘व’साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू. गडांच्या नावांतील ‘गड’ बहुधा जी-यू-आर-एच असा येतो, म्हणजे ‘ड’च्या जागी आर. कृष्णा नदी तर इंग्रजी नकाशांत दीर्घकाळ ‘किस्तना’ होती. आपल्या परिसरातील दहा-बारा नावांचा असा तक्ता एकदा तयार करून ठेवला, की तो प्रत्येक शोधात उपयोगी पडतो.

२१.
शेवटची आणि सर्वांत भरवशाची कसोटी मोडीची. इंग्रजी कागदात जे भेद बुजले, ते मोडी कागदात शाबूत असतात. मोडीत इ-उ यांचे ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळले जात नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे वाचायला सराव लागतो. पण ‘ट’ आणि ‘त’, ‘ण’ आणि ‘न’ यांची अक्षरे वेगळी आहेत आणि ‘पा’चा काना स्पष्ट असतो. पाटण तेथे पाटणच राहते. पुण्याच्या पेशवे दप्तरासारख्या संग्रहांत जे रुमाल आहेत, त्यांकडे वळल्याशिवाय गावाचा इतिहास पुरा होत नाही. इंग्रजी कागद दिशा दाखवतो. नावाची खात्री मात्र मोडी कागद देतो.

२२.
सारांश असा. एक, कागद कोणत्या काळातला हे आधी ठरवा आणि त्या काळाचे स्पेलिंग मनाशी बांधा. दोन, एकच रूप न शोधता किमान पाच-सहा रूपे शोधा, यंत्राच्या चुका धरून. तीन, अक्षरांचा क्रम तपासा. कॅप्टन आणि पाटणा यांना बाजूला काढा. चार, शेजारची गावे आणि नद्या पाहिल्याशिवाय गाव आपले म्हणू नका. पाच, शक्य तेथे मराठी कागदाशी ताडून पाहा.

२३.
समाजमाध्यमांवर आपल्या गावाचे नाव जुन्या इंग्रजी पुस्तकात दिसले, की ते पान लगेच सर्वत्र पाठवले जाते. आनंद समजण्यासारखा आहे. पण त्या पानावरची लढाई राजस्थानची असेल, तर आपण आपल्या गावाला काही मिळवून दिले नाही. उलट तंवरावाटीचे पाटण आणि कोयनाकाठचे पाटण या दोघांवरही अन्याय केला. याउलट, अनोळखी स्पेलिंगच्या आड दडलेली तक्त्यातील एखादी ओळ आपण ओळखून काढली, तर ती ओळ लहान असली तरी खरोखर आपली असते.

२४.
आता आपल्या गावाचे नाव घ्या. त्यातील कोणती अक्षरे इंग्रजीत बुजतात ते पाहा, यू आणि दोन ई यांच्या काळातील रूप लिहून काढा, तसेच स्पेलिंग असलेली दुसरी गावे कोठे आहेत तेही नोंदवा. हाती आलेली रूपे प्रतिसादांत अवश्य लिहा. त्याच तालुक्यातील दुसऱ्या कुणाचा अडलेला शोध कदाचित त्यामुळे मार्गी लागेल.